सिलिंडरवरची ‘एक्सपायरी’ गॅसची नाही

वर्षानुवर्षं फिरणारा एक निरोप असा: सिलिंडरवर ‘बी-२८’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे जून २०२८, ती गॅसची एक्सपायरी, ती उलटली की आतला गॅस खराब होतो आणि सिलिंडर फुटतो.

खुणेचं वाचन यात बरोबर आहे. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचा आकडा वर्षाचा. गल्लत होते ती पुढे.

सिलिंडरमध्ये असतात प्रोपेन आणि ब्युटेन. हे दुधासारखे नासत नाहीत. बंद भांड्यात, दाबाखाली द्रवरूपात ते वर्षानुवर्षं तसेच राहतात. लायटरमधलं इंधनही ब्युटेनच, आणि कित्येक स्प्रेच्या डब्यांतून फवारा बाहेर ढकलतात तेही हेच वायू.

झिजतं ते पोलाद. गंज चढतो, आपटून पोचे पडतात. म्हणून नव्या सिलिंडरची १० वर्षांनी आणि मग दर ५ वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली चाचणी होते. ‘बी-२८’ म्हणजे पुढची चाचणी जून २०२८पर्यंत व्हायला हवी, एवढंच. त्या तारखेला काही फुटत नाही. पण मुदत उलटलेला सिलिंडर घेऊ मात्र नये, बदलून मागावा.

खूण वरच्या कड्याला धरणाऱ्या उभ्या पट्ट्यांपैकी एकीच्या आतल्या बाजूला असते. गळतीची शंका असेल तर तारीख कितीही पुढची असो, जोडावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले, तर गॅस गळतोय.