दीड इंची पाइप आणि दीड इंची ट्यूब

टर्बोचा (इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या यंत्राचा) एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाचा धूर त्या टर्बोकडे नेणाऱ्या नळ्यांचा जोड, घरी वेल्ड करायला घेतलेल्या माणसाकडून पहिली चूक मशीन सुरू व्हायच्या आधीच होते, तीही लोखंडाच्या दुकानात. तो दीड इंची पाइप आणि दीड इंची एल्बो (वळणाचा तुकडा) घेऊन येतो. घरी दोन्ही तुकडे एकमेकांना लावायला जातो, तर पाइप एल्बोच्या आत खडखडत शिरतो. चहूबाजूंनी दोन मिलिमीटरहून जास्त मोकळी जागा. मग दुकानदाराला शिव्या, नाहीतर ती फट फिलरने (वेल्डिंगला वितळवायच्या तारेने) भरून काढायचा खटाटोप. माझ्याकडे असे बुजवलेले जोड दुरुस्तीला येतात आणि प्रत्येक वेळी मला तेच समजावून सांगावं लागतं. दुकानदाराने फसवलेलं नसतं. एल्बो पाइपचा होता आणि हातात आलेला 'पाइप' ही खरं तर ट्यूब होती.

ट्यूबचं फार सांगायला नको. तिचा आकार म्हणजे बाहेरचा व्यास. दीड इंची ट्यूब बाहेरून ३८.१ मिलिमीटर भरते, व्हर्नियर (माप घ्यायचा कॅलिपर) लावा आणि बघा. जाडी गेजमध्ये किंवा मिलिमीटरमध्ये सांगतात. १६ गेज म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर. सायलेन्सरचं काम केलेल्या कुणालाही हे माहीत असतं.

घोळ आहे तो पाइपचा. दीड इंची पाइपवर दीड इंच कुठेच सापडत नाही. बाहेरून तो ४८.३ मिलिमीटर असतो. शेड्यूल (भिंतीच्या जाडीचा क्रमांक) १० चा असेल तर आतून ४२.७, शेड्यूल ४० चा असेल तर आतून ४०.९. दीड इंच म्हणजे ३८.१, आणि हा आकडा यात बाहेरही नाही, आतही नाही. 'दीड इंच एनबी' (नॉमिनल बोअर, म्हणजे नावापुरतं भोक) हे त्या पाइपचं नाव आहे, माप नव्हे. घरातल्या नळाचा अर्धा इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप मोजून बघा, बाहेरून २१.३ मिलिमीटर भरेल.

हे असं का, ते एकदा कळलं की विसरायला होत नाही. सुरुवातीच्या लोखंडी पाइपांची भिंत जाड असे आणि नावातला आकडा आतल्या भोकाच्या जवळपास जाई. पुढे धातू सुधारला, पातळ भिंत पुरू लागली. पण पाइपला आटे पडतात ते बाहेरून. सॉकेट, एल्बो, टी, सगळं बाहेरच्या व्यासावर बसतं. तो बदलला असता तर बाजारातल्या सगळ्या फिटिंग वाया गेल्या असत्या. म्हणून बाहेरचा व्यास कायम ठेवला आणि भिंत आतून पातळ होत गेली. शेड्यूल कुठलंही घ्या, बाहेरचं माप तेच राहतं, बदलतं ते आतलं भोक. जीआयच्या पाइपवरचे पिवळा, निळा, लाल पट्टे हेच सांगतात: ए, बी, सी क्लास, बाहेरून सारखे, जाडीला वेगळे. (जीआय मॅनिफोल्डला कधीही वापरू नका. वेल्ड करताना जस्ताचा पांढरा धूर छातीत जातो आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो.)

आता आपल्याकडची खरी अडचण. दुकानात दोन्हीला 'पाइप'च म्हणतात. जिन्याच्या रेलिंगचा स्टेनलेसचा 'पाइप' ही ट्यूब असते, ती बाहेरच्या मापाने विकली जाते. शिवाय ती बहुतेकदा २०२ ग्रेडच्या स्टेनलेसची (आपल्याला हवं ते ३०४) आणि जेमतेम मिलिमीटरभर जाड. चुंबक लावून २०२ आणि ३०४ वेगळे ओळखता येत नाहीत, दोन्ही जवळपास चिकटत नाहीत. त्यामुळे चुंबकावर विसंबू नका, ग्रेडचा छाप असलेला मालच घ्या. मी दुकानात इंच हा शब्दच काढत नाही. "बाहेरून ४२.२, जाडी २.७७, ३०४" असं सांगतो आणि खिशातला व्हर्नियर लावल्याशिवाय पैसे देत नाही.

आणखी एक गोष्ट सर्रास ऐकू येते: जाड असेल तो पाइप, पातळ असेल ती ट्यूब. हे साफ चूक आहे. तीन मिलिमीटर जाडीची ट्यूब मिळते, आणि शेड्यूल ५ चा सव्वा इंची पाइप फक्त १.६५ मिलिमीटर जाड असतो. फरक जाडीत नाही, मोजण्याच्या पद्धतीत आहे.

टर्बोसाठी काय घ्यायचं? माझं मत पक्कं आहे: सव्वा इंच एनबी, शेड्यूल १० (तेच बाहेरून ४२.२, जाडी २.७७). आतून तो ३६.६ मिलिमीटर, म्हणजे १६ गेजच्या दीड इंची ट्यूबच्या भोकापेक्षा जरासाच मोठा. वजन मात्र मीटरला पावणेतीन किलोच्या आसपास, ट्यूबचं दीड किलो. ते जास्तीचं वजन मी आनंदाने घेतो, कारण आख्खा टर्बो त्या नळ्यांवर लोंबकळतो आणि नळ्या तापून लाल झालेल्या असतात. बिनटर्बोच्या हेडरला (टर्बो नसलेल्या इंजिनाच्या एक्झॉस्ट नळ्यांना) ट्यूब उत्तम, टर्बोला मला ती नको. सीमलेस (बिनशिवणीचा) की ईआरडब्ल्यू (लांबीवर वेल्डची शिवण असलेला) यावर तासन्‌तास वाद घालणाऱ्यांना एवढंच सांगेन, की मी पाहिलेले तडे शिवणीवर नव्हते. ते कलेक्टरच्या (सगळ्या नळ्या एकत्र येतात त्या) जोडावर आणि फ्लँजलगत (बोल्टने बसणाऱ्या जाड पट्टीलगत) होते. स्टेनलेस तापल्यावर साध्या लोखंडापेक्षा जवळपास दीडपट फुगतं, म्हणून वेल्डिंग संपल्यावर इंजिनाच्या हेडकडची फ्लँज पोर्टांच्या (धूर बाहेर पडायच्या भोकांच्या) मधे कापून मोकळी करा.

वेल्डिंगची सवयही दोन्हींना वेगळी लागते. ट्यूबची तोंडं घासून अशी बसवायची की मधून उजेड दिसता कामा नये, मग आर्गॉन वेल्डिंगने जवळजवळ फिलरशिवाय वितळवून जोडायची. पाइपला व्ही मारावा लागतो (कडा तिरक्या घासून व्हीसारखी खाच करावी लागते), मधे दीड-दोन मिलिमीटर फट ठेवावी लागते, आधी रूट (तळाचा पहिला थर), मग वरचा थर. व्ही न मारता वरून मोत्यांची सुंदर माळ ओढली तरी आत धातू पोचलेलाच नसतो. स्टेनलेसला ३०८एल फिलर घ्या, फ्लँज साध्या लोखंडाची असेल तर ३०९एल. आणि नळीच्या आतही आर्गॉन सोडा. दोन्ही टोकांना अ‍ॅल्युमिनियमची टेप, एका बाजूने गॅसची नळी, दुसऱ्या टोकाला बारीक भोक. हे टाळलं तर जोडाच्या आतल्या बाजूला काळी, खरखरीत, जळालेल्या साखरेसारखी खपली धरते. तिचे कण सुटले तर थेट टर्बाइनच्या पात्यांवर जातात.

जाता जाता एल्बोचं. लाँग रेडियस एल्बोचं वळण दीडपट असतं हे सगळ्यांना पाठ असतं, पण दीडपट कशाच्या? नावाच्या, बाहेरच्या व्यासाच्या नव्हे. सव्वा इंची एल्बोचं टोकापासून केंद्रापर्यंतचं अंतर ४८ मिलिमीटर येतं. ४२.२ ची दीडपट धरून पुठ्ठ्यावर आराखडा काढला तर ६३ येतात, आणि प्रत्येक वळणाला टर्बो पंधरा मिलिमीटर भलतीकडे सरकतो.