पन्नाशीतले १८० ठोके : एका मर्यादेची पार्श्वभूमी

पंचेचाळिशी-पन्नाशीत पळायला, सायकल चालवायला किंवा दर रविवारी सिंहगड चढायला लागलेल्या माणसांना एक भीती हमखास गाठते. चढावर किंवा शेवटच्या किलोमीटरला नजर घड्याळाकडे जाते, तिथे हृदयाचे ठोके मिनिटाला १७८ किंवा १८२ दिसतात, आणि पाय चालत असताना, छातीत काही दुखत नसताना माणूस थबकतो. ५२ व्या वर्षी १६८ च्या वर जायचे नसते, असे त्याने कुठेतरी वाचलेले असते. संध्याकाळी तो मित्रांना आकडा कळवतो. एक जण 'टीएमटी', म्हणजे ट्रेडमिलवर पळवून करतात ती हृदयाची स्ट्रेस टेस्ट, करून घ्यायला सांगतो, दुसरा जिममध्ये कोसळलेल्या कुणाची तरी बातमी पाठवतो. या भीतीची दखल घ्यायलाच हवी, कारण आपल्याकडे हृदयविकार लवकर येतो. पण ती ज्या आकड्यावर उभी आहे तो आला कुठून, हे पाहिले की भीतीचा रोख चुकीच्या जागी वळल्याचे दिसते.

व्यायाम किती करावा हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. सुश्रुतसंहिता व्यायाम 'बलार्ध', म्हणजे निम्म्या ताकदीपर्यंत, करायला सांगते आणि श्वास तोंडावाटे येऊ लागणे ही ती सीमा गाठल्याची खूण देते. ठोके मोजण्याचा त्यात संबंध नाही. नाडीपरीक्षा आयुर्वेदाच्या ग्रंथांत सविस्तर येते ती बरीच नंतर, शार्ङ्गधरसंहितेत. युरोपात जोरदार व्यायामाने हृदय बिघडते का, हा वाद १८६० च्या दशकात ऑक्सफर्ड-केंब्रिज नौकाशर्यतीवरून वर्तमानपत्रांत पेटला होता. १८७३ मध्ये एका इंग्रज डॉक्टरने १८२९ ते १८६९ या काळातल्या २९४ वल्हेकऱ्यांची माहिती जमवून दाखवले की ते विमा कंपन्यांच्या अंदाजापेक्षा जास्तच जगले. हा सगळा वाद हृदय झिजते की नाही, याचा होता. मिनिटाला किती ठोके, हा प्रश्न त्यात आलाच नाही.

तो आला १९३८ मध्ये. बोस्टनच्या एका विद्यापीठीय प्रयोगशाळेत लहान मुलांपासून वृद्धांपर्यंतच्या पुरुषांना ट्रेडमिलवर दमेपर्यंत पळवले गेले आणि वय वाढते तसे कमाल ठोके कमी होत जातात, हे नीट नोंदले गेले. कारणही पुढे उलगडले. हृदयाचा ठेका धरणाऱ्या पेशींची मूळ गतीच वयानुसार मंदावते आणि अ‍ॅड्रिनलिनला मिळणारा प्रतिसाद कमी होतो. सराव कितीही केला तरी ही घसरण फारशी थांबत नाही. म्हणून कमाल ठोके जास्त असणे ही तब्येत उत्तम असल्याची खूणही नाही आणि बिघडल्याचीही नाही. ती उंचीसारखी ज्याची त्याची असते.

आता ज्या निर्णयावर हे सगळे अडले आहे त्याकडे येऊ. १९७० च्या आसपास अमेरिकेत मध्यमवयीन पुरुषांतल्या हृदयविकाराने सार्वजनिक आरोग्याची झोप उडवली होती. अशा रुग्णांना व्यायाम कितपत करू द्यावा, याचे काहीतरी माप हवे होते. सरकारी आरोग्यसेवेतल्या एका तरुण संशोधकाने एका परिषदेसाठी छापील अभ्यासांतून वेगवेगळ्या वयांचे कमाल ठोके एकत्र केले. हे अभ्यास जेमतेम दहा होते. त्यांतले बहुतेक लोक ५५ च्या आतले, काही धूम्रपान करणारे, काहींना आधीच हृदयविकार. हा समाजाचा नमुना आहे असा दावा कुणी केलाही नव्हता. परिषदेला जाताना विमानात त्याने ते बिंदू आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्याला दाखवले. दोघांनी त्यांतून एक रेषा ओढली. विसाव्या वर्षी २००, चाळिसाव्या वर्षी १८०, साठाव्या वर्षी १६०. तोंडपाठ होईल असे सूत्र हाती आले: २२० वजा वय. १९७१ मध्ये ते छापून आले.

त्या छापील लेखात रेषा कशी बसवली याचे गणित नाही. तीस वर्षांनी दोन अभ्यासकांनी त्याच आलेखातले बिंदू घेऊन ते गणित केले, तेव्हा रेषा २२० वजा वय अशी निघालीच नाही आणि बिंदू रेषेभोवती फार विखुरलेले आढळले. सूत्र मांडणाऱ्यानेही २००१ मध्ये सांगितले की लोकांच्या प्रशिक्षणावर हुकूम चालवणारा पक्का दंडक म्हणून ते कधीच मांडले नव्हते. तोवर फार उशीर झाला होता. सूत्र पाठ्यपुस्तकांत गेले होते, जिममधल्या तक्त्यांवर आणि ट्रेडमिलच्या पॅनेलवर छापले गेले होते.

माझ्या मते मूळ सूत्राहून मोठा घोळ पुढच्या पायरीवर झाला. सूत्रातून निघालेल्या आकड्याचे ८५ टक्के काढायची पद्धत पडली. पन्नाशीच्या माणसासाठी १७०, त्याचे ८५ टक्के म्हणजे साधारण १४५. स्ट्रेस टेस्टच्या सुरुवातीच्या काळात माणूस तिथवर पोचला की सावधगिरीने चाचणी थांबवत असत. पुढे डॉक्टरांच्या हे लक्षात आले की तिथवर न पोचलेल्या चाचणीवरून काहीच ठरवता येत नाही, कारण हृदयावर पुरेसा ताणच पडलेला नसतो. म्हणून दवाखान्यात ८५ टक्के ही किमान गाठायची पातळी झाली. आजही टीएमटीच्या अहवालात 'लक्ष्याच्या अमुक टक्के ठोके गाठले' ही ओळ असते, आणि त्यात ९५ किंवा १०२ टक्के असले तर डॉक्टर समाधानाने मान हलवतात. व्यायामशाळेत मात्र तीच रेघ वरची सीमा म्हणून राहिली. एकाच आकड्याला एका इमारतीत 'इथवर याच' आणि दुसरीत 'इथून पुढे जाऊ नका' असे दोन अर्थ लागले, आणि ही तफावत सामान्य माणसाला कुणी समजावली नाही. टीएमटीत १७२ ठोक्यांना 'उत्तम' ऐकून आलेला माणूस आठवड्याने टेकडीवर १७२ पाहून घाबरतो, त्याचे मूळ इथे आहे.

२००१ मध्ये शेकडो जुने अभ्यास आणि १८ हजारांहून अधिक लोकांची आकडेवारी एकत्र करून नवे सूत्र मांडले गेले: २०८ मधून वयाची ०.७ पट वजा. २०१० मध्ये शिकागो परिसरातल्या पाच हजारांहून अधिक निरोगी स्त्रियांच्या चाचण्यांवरून स्त्रियांसाठी वेगळे सूत्र आले: २०६ मधून वयाची ०.८८ पट वजा. २०१३ मध्ये नॉर्वेतल्या ३,३२० जणांवरून आणखी एक: २११ मधून वयाची ०.६४ पट वजा. पन्नाशीच्या माणसासाठी यांची उत्तरे अनुक्रमे १७३, १६२ आणि १७९ येतात. साठीला जुने सूत्र १६० सांगते, तर नॉर्वेचे १७३ च्या जवळ. म्हणजे जुने सूत्र उतारवयाकडे झुकणाऱ्यांनाच जास्त घाबरवते. स्त्रियांच्या बाबतीत चूक उलट्या दिशेची होती. पुरुषांच्या मापाने मोजल्यामुळे अनेकींचे हृदय 'पुरेसे वाढत नाही' असा निष्कर्ष विनाकारण निघत असे.

पण सूत्र कुठलेही घ्या, उत्तर सरासरीचे असते. नॉर्वेच्या अभ्यासात प्रत्यक्ष आणि अंदाज यांतला नेहमीचा फरक अकरा ठोक्यांच्या जवळपास होता. हिशेब मांडला तर शंभरातल्या पंधरा-सोळा जणांची कमाल अंदाजापेक्षा अकराहून अधिक ठोक्यांनी जास्त असणार, आणि दोन-तीन जणांची बावीसहून अधिक. पन्नाशीच्या एखाद्या ठणठणीत माणसाला पूर्ण जोरात १९५ दिसणे विरळ आहे, आजार नाही. दुसऱ्या टोकाला काही लोकांची कमाल १५५ च्या आसपास संपते, आणि ते बिचारे सूत्राच्या मागे धावून दमतात.

मग वैद्यकाला खरी काळजी कशाची वाटली? इथे मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे संशोधन १९९० च्या दशकातले आहे. ताण देऊनही ठोके वाढायला हवेत तितके वाढत नाहीत, ही पुढच्या धोक्याची खूण असल्याचे त्या काळात दिसून आले. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या २,४२८ जणांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली: ट्रेडमिल थांबून हळू चालू लागल्यावर पहिल्या मिनिटात ठोके १२ किंवा त्याहून कमीच उतरले, तर पुढच्या काही वर्षांत मृत्यूचा धोका लक्षणीय जास्त. काळजीची दिशा कमी चढण्याकडे आणि हळू उतरण्याकडे होती. घड्याळे लोकांचे लक्ष नेमके चढलेल्या आकड्यावर खिळवून ठेवतात, हे मला फार खेदाचे वाटते.

जोरदार व्यायामाचा धोका नाही असे मात्र कुणी म्हणू नये. जुलै १९८४ मध्ये अमेरिकेत धावण्याची लाट आणणारा एक लोकप्रिय लेखक व्हरमाँटमध्ये धावताना ५२ व्या वर्षी गेला. शवविच्छेदनात हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या आढळल्या, आणि त्याच्या वडिलांना पस्तिशीतच हृदयविकाराचा झटका आलेला होता. त्या मृत्यूने जगभरच्या धावणाऱ्यांच्या मनात शंका पेरली. १९९३ मधल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासाने उत्तराचा एक भाग दिला. जोरदार श्रमानंतरच्या तासाभरात झटक्याचा धोका, आठवड्यातून एकदाही व्यायाम न करणाऱ्यांत, त्यांच्या स्वतःच्या एरवीच्या धोक्याच्या १०७ पट झाला. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा करणाऱ्यांत फक्त २.४ पट. २००० मध्ये पुरुष डॉक्टरांच्या एका दीर्घ पाहणीत जोरदार व्यायामाच्या सुमारे १५ लाख प्रसंगांमागे एक आकस्मिक मृत्यू, असा हिशेब निघाला. घात होतो तो बहुधा सवय नसलेल्या शरीराला एकदम जुंपल्याने, किंवा आत लपलेल्या आजाराने.

ठोके मनगटावर आले ते बरेच नंतर. फिनलंडमधल्या ओउलूजवळ १९७० च्या दशकाच्या अखेरीस एका कंपनीने स्की खेळाडूंसाठी ठोके मोजायचे यंत्र काढले, आणि पुढच्या दशकात छातीचा पट्टा खेळाडूंत रुळला. तो हृदयाचे विद्युतसंकेत टिपतो. २०१५ च्या सुमारास घरोघरी पोचलेली घड्याळे हिरव्या प्रकाशाने कातडीखालच्या रक्ताची हालचाल वाचतात, आणि पळताना ती फसू शकतात. मिनिटाला १७०-१८० पावले पडत असली की कधीकधी घड्याळ पावलांनाच ठोके समजते. आकडा अचानक १३५ वरून १७६ वर गेला आणि दम तसाच राहिला, तर आधी घड्याळाचा पट्टा घट्ट करावा आणि मानेवर बोटे ठेवून पंधरा सेकंद मोजावे. आमच्या गटातल्या अनेकांची घबराट एवढ्यानेच शमली आहे.

आपल्याकडे या भीतीने उग्र रूप घेतले ते २०२१ ते २०२३ मध्ये. ऑक्टोबर २०२१ मध्ये एक लोकप्रिय कन्नड अभिनेता व्यायामानंतर ४६ व्या वर्षी गेला. पुढच्या वर्षी एक विनोदी कलाकार दिल्लीत ट्रेडमिलवर कोसळला आणि काही आठवड्यांनी मरण पावला. गरब्यात तरुण मुले कोसळल्याच्या बातम्या गुजरातमधून आल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये तत्कालीन केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी, ज्यांना गंभीर कोविड झाला होता त्यांनी वर्ष-दोन वर्षे जोरदार श्रम, धावणे टाळावे, असे सांगितले. व्हॉट्सअ‍ॅपवर 'गंभीर' हा शब्द गळून पडला आणि उरला तो 'पळू नका' एवढाच निरोप. ज्या सरकारी अभ्यासाचा आधार होता, तो नंतर छापून आला. त्यात १८ ते ४५ वयाच्या ७२९ आकस्मिक मृत्यूंची तुलना होती. लसीमुळे धोका वाढल्याचे दिसले नाही. ज्या गोष्टींशी संबंध दिसला त्यांत कोविडसाठी रुग्णालयात भरती, कुटुंबातले आकस्मिक मृत्यू, मृत्यूपूर्वीच्या ४८ तासांतले अतिमद्यपान, अमली पदार्थ आणि त्याच ४८ तासांतले जोरदार श्रम होते. ज्या पन्नाशीच्या माणसांत या अभ्यासाची सर्वाधिक चर्चा झाली, ती त्याच्या वयोमर्यादेबाहेरची होती. त्यांच्यासाठी २००४ नंतर आलेली, दक्षिण आशियाची जुनी माहिती जास्त कामाची आहे. इथे पहिला झटका येण्याचे सरासरी वय ५३ आहे, जगात इतरत्र ५९ च्या जवळ.

दीर्घ पल्ल्याच्या हौशी खेळाडूंसाठी एक वेगळी नोंद हवी. स्वीडनमधल्या ९० किलोमीटरच्या स्की शर्यतीत भाग घेतलेल्या ५२ हजारांहून अधिक जणांच्या २०१३ मधल्या अभ्यासात, जास्त शर्यती पूर्ण केलेल्या आणि जास्त वेगवान असलेल्यांत ठोक्यांच्या अनियमिततेचे प्रमाण जास्त आढळले. वर्षानुवर्षे खूप मोठा पल्ला मारणाऱ्यांसाठी ही सूचना आहे, आठवड्यातून तीनदा पाच किलोमीटर पळणाऱ्यांसाठी नाही.

त्यामुळे आता जाणता डॉक्टर १८० ऐकल्यावर आधी काही प्रश्न विचारतो. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, श्रमात शुद्ध हरपणे, नेहमीच्या चढावर अचानक जास्त दम लागणे, यातले काही झाले का? ठोके चढताना सावकाश चढले की एका क्षणात उडी मारून गेले, आणि बसल्यावर लगेच उतरले की तसेच धडधडत राहिले? वडील, काका, भाऊ यांना कोणत्या वयात काय झाले? साखर, रक्तदाब, तंबाखू? यांतल्या एकाचेही उत्तर खटकले तर ठोके १४० असोत की १८०, तपासणी व्यायामाआधी. आणि रक्तदाबासाठी बीटाब्लॉकर गोळी चालू असेल तर कुठलेही सूत्र लागू होत नाही, कारण ती गोळी ठोके मुद्दाम खाली ठेवते. अशा माणसाने बोलता येते का, एवढ्यावरच वेग ठरवावा.