टीवायला (बीएच्या तिसऱ्या वर्षाला) इंग्लिश लिटरेचरचे पेपर निवडताय? फॉर्म भरायच्या आधी हे बघून घ्या

जून आला की बडोद्यात, दांडिया बाजारात आमच्या घरी कुणाच्या ना कुणाच्या आईचा फोन येतोच, अरे तू इंग्लिश घेऊन बीए केलंस ना, आमच्या हिला जरा सांग कुठले पेपर घ्यायचे. मग ती 'ही' संध्याकाळी येते, हातात मोबाईल, त्यात पेपरांच्या यादीचा फोटो, आणि पहिला प्रश्न ठरलेला, "दादा, सोपा कुठला?" म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं.

आधी लेव्हल समजून घ्या. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) डिसेंबर २०२२ मध्ये चार वर्षांच्या डिग्रीचा जो आराखडा काढला त्यात कोर्सना नंबर आहेत, १०० ते १९९ म्हणजे पायाभूत, २०० ते २९९ मधली पायरी, ३०० ते ३९९ वरची आणि ४०० ते ४९९ अ‍ॅडव्हान्स्ड. टीवायच्या आसपास तुमच्यासमोर येतात ते ३०० वाले, आणि ते मागचं तुम्हाला येतं असं धरूनच शिकवतात. म्हणजे एसवायला (दुसऱ्या वर्षाला) कविता कशी वाचायची ते नीट बसलं नसेल तर सतराव्या शतकातल्या कवितेचा पेपर घेऊन नुसतं डोकं धरून बसाल. मागच्या सेमिस्टरचा एखादा पेपर एटीकेटीत (नापास होऊन पुढे नेलेला) अडकला असेल तर तो नव्या पेपरची पूर्वअट तर नाही ना, हे डिपार्टमेंटमध्ये जाऊन विचारा, ग्रुपवर नको, तिथे तिघं तीन उत्तरं देतात.

पात्रता म्हणाल तर मेजर (मुख्य विषय) आणि मायनरचा (जोडविषयाचा) हिशोब वेगळा. क्रेडिट म्हणजे पेपरच्या तासांचं माप; तीन वर्षांच्या डिग्रीला किमान १२० क्रेडिट, त्यातले ६० मेजरचे आणि २४ मायनरचे. इंग्लिश मायनर असेल तर हौसेने जास्तीचे पेपर घेत सुटू नका, मेजरचा कोटा आधी पुरा करा. चौथं वर्ष करायचं असेल तर एकूण १६० लागतात.

आणि चौथ्या वर्षाचा विचार आत्ताच करा, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण "बघू नंतर" म्हणतो. रिसर्चसह ऑनर्स (संशोधन प्रकल्प असलेली चार वर्षांची डिग्री) करायचं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात. मग १२ क्रेडिटचा रिसर्च प्रोजेक्ट असतो, आणि तेवढे टक्के नसतील किंवा रिसर्च नको असेल तर त्या जागी १२ क्रेडिटचे पेपर घेऊन साधं ऑनर्स होतं. चार वर्षांची डिग्री ७५ टक्क्यांनी झाली तर एमए न करता पीएचडीसाठी नेटला (राष्ट्रीय पात्रता परीक्षेला) बसता येतं, आरक्षित प्रवर्गांना ५ टक्के सूट आहे. शिवाय चार वर्षांनंतरचं एमए एका वर्षाचं, तीन वर्षांनंतरचं दोन वर्षांचं. म्हणजे टीवायला नुसतं भारदस्त नाव बघून पेपर घेतला आणि तो झेपला नाही, तर त्याचा फटका थेट त्या ७५ ला बसतो.

आता खरी गोष्ट, पेपर निवडायचा कसा. नावावरून अजिबात नाही. 'मॉडर्न फिक्शन' नावाखाली कुठे चार बारीक कादंबऱ्या असतात, कुठे तीन जाडजूड. युनिटवार सिलॅबस मागून घ्या आणि पानं मोजा, खरंच मोजा. एक क्रेडिट म्हणजे १५ तासांचं लेक्चर, म्हणजे चार क्रेडिटच्या पेपरला ६० तास, त्यात पाच पुस्तकं असतील तर एकेका वाट्याला १२ तास. मिडलमार्चसारखी कादंबरी लागली असेल तर ती एकटीच आठशेच्या आसपास पानांची, बारा तासांत वर्गात तिची फक्त ओळख होणार, वाचायची तुम्हालाच. मी एकाच सेमिस्टरला कादंबरीचे तीन पेपर घेतले होते, मित्रांनी घेतले म्हणून. दिवाळीच्या सुट्टीत अर्ध्या पुस्तकांच्या समऱ्या वाचून परीक्षेला गेलो, आणि मार्क पण समरीएवढेच आले. दोष कुणाचा नाही, माझाच.

म्हणून मिश्रण करा, एक जाड वाचनाचा, एक कवितेचा किंवा नाटकाचा, एक क्रिटिसिझम किंवा थिअरीचा. थिअरीला घाबरून सगळे पळतात पण नेटच्या इंग्लिशच्या सिलॅबसमध्ये दहा युनिट आहेत आणि त्यात क्रिटिसिझम, थिअरी, कल्चरल स्टडीज, भाषा, भारतातलं इंग्रजी, रिसर्च मेथड या सगळ्यांना वेगळं युनिट आहे. नुसत्या कादंबऱ्या वाचणाऱ्याला पुढे हे सगळं एकदम करावं लागतं.

भारतीय साहित्य अनुवादात असा पेपर यादीत असेल तर आपल्या मराठी मुलांनी तो सोडू नये असं माझं स्पष्ट मत. आपल्या घरात मराठी, गल्लीत गुजराती आणि टीव्हीवर हिंदी, त्यामुळे अनुवादात काय गळलं ते आपल्याला बसल्या जागी कळतं. इथे एम. एस. युनिव्हर्सिटीच्या इंग्लिश विभागात भाषातज्ज्ञ आणि समीक्षक गणेश देवींनी १९९६ पर्यंत शिकवलं, मूळचे भोरचे, मराठी, गुजराती, इंग्रजी तिन्ही भाषांत लिहिणारे, म्हणजे ही वाट काही नवी नाही. आणि ऑप्शन भरायच्या आधी युनिव्हर्सिटीच्या हंसा मेहता लायब्ररीत एक चक्कर मारा, पुस्तकांच्या किती प्रती आहेत बघा, एकच प्रत आणि वर्गात चाळीस मुलं म्हणजे झेरॉक्सवाल्याचीच दिवाळी.

कागदपत्रं फार नाहीत. मागच्या सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, फीची पावती, आयकार्ड, पीआरएन (युनिव्हर्सिटीचा कायम नोंदणी क्रमांक) आणि एबीसी आयडी (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा). हा आयडी बारा आकडी, डिजिलॉकरमधून काढता येतो, तुमचे क्रेडिट त्यातच जमा होतात. गोची नावाची होते, कारण गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी आणि आधारवर बहुतेकांचं शेवटी, त्यात आपल्या आडनावांचं स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं. नाव जुळत नसेल तर आधी ते दुरुस्त करा, ऐनवेळी रडारड नको. 'स्वयं' या सरकारी पोर्टलवरून एखादा ऑनलाइन कोर्स घ्यायचा असेल तर एका सेमिस्टरच्या ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तसे घेता येतात, पण विभागाची लेखी परवानगी कोर्सला नाव नोंदवायच्या आधी घ्या, परीक्षा झाल्यावर नाही.

शेवटचं, कोड. दोन पेपरांची नावं जवळजवळ सारखी असतात, कोड वेगळा. परीक्षेच्या फॉर्मवर जो कोड गेला तोच तुमचा पेपर, वर्गात तुम्ही कुठे बसत होता ते कोणी विचारत नाही. फॉर्मची प्रिंट काढा, सिलॅबस शेजारी ठेवा आणि एकेक आकडा मोठ्याने वाचून जुळवा, घरच्यांना वेड लागलंय वाटलं तरी चालेल.