उडत्या तबकड्यांची लोकतपासणी

आकाशात दिसलेल्या पण ओळखू न आलेल्या वस्तूचा सरकारी यंत्रणेबाहेरच्या माणसांनी घेतलेला शोध. पाहणाऱ्याचे म्हणणे टिपून घेणे, जागेवर जाऊन दिशा व उंची मोजणे आणि त्या वेळी आकाशात काय काय होते ते ताडून पाहणे, एवढे हे काम. वस्तू परग्रहावरची होती का, हा प्रश्न फार उशिरा येतो. बहुतेकदा येतच नाही.

‘उडती तबकडी’ ही कल्पना २४ जून १९४७ नंतर रुजली. त्या दिवशी केनेथ अरनॉल्ड या अमेरिकी वैमानिकाला माउंट रेनियरजवळ नऊ चकचकीत वस्तू वेगाने जाताना दिसल्या. पाण्यावर भिरकावलेली बशी टप्पे घेते तशी त्यांची चाल होती, असे त्याने सांगितले. त्याने सांगितली चाल. वर्तमानपत्रांनी तो आकार करून टाकला. तेव्हापासून लोकांना बश्याच दिसू लागल्या.

अशा नोंदी तपासणारा अमेरिकी हवाई दलाचा ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ १९६९ मध्ये बंद झाला, तेव्हा १२,६१८ नोंदींपैकी ७०१ अनोळखी राहिल्या होत्या. नागरिकांच्या संघटना त्याआधीपासून होत्या: ‘एप्रो’ १९५२ ची, ‘निकॅप’ १९५६ ची. हवाई दलाचे सल्लागार, खगोलशास्त्रज्ञ जे. ॲलन हायनेक यांनीही १९७३ मध्ये स्वतंत्र अभ्यासकेंद्र काढले.

साताऱ्यात असा तपास करायचा तर आधी मावळतीकडे पाहावे. संध्याकाळचा शुक्र यवतेश्वराच्या डोंगरामागे उतरतो. सूर्य-चंद्र सोडले तर त्याच्याइतके तेजस्वी काही नाही. गाडीवरून जाणाऱ्याला तो सोबत धावतोय असे वाटते. काळोखात एकाच दिव्याकडे टक लावली, तर स्थिर दिवाही हलताना दिसतो. सांगलीत कृष्णेच्या घाटावरून हाच शुक्र सांगलीवाडीच्या अंगाला दिसतो. मिरवणुकीतल्या शार्पी दिव्यांचे झोत ढगांवर फिरतात, लग्नात ड्रोन उडतात. मे २०१९ पासून स्टारलिंक उपग्रहांची माळ आगगाडीच्या डब्यांसारखी सरकताना दिसू लागली. सूर्यास्तानंतर थोड्या वेळात किंवा पहाटे दिसली असेल, तर तो संशय आधी घ्यावा. हैदराबादहून संशोधनासाठी सोडलेले प्रचंड फुगेही विसरू नयेत.

सगळ्यात महत्त्वाचे पहिले बोलणे. “काका, कुठं उभं राहून बघितलं? तिथंच जाऊया.” मग त्यांनाच हात लांब करायला लावायचा. हाताच्या अंतरावर मूठ साधारण दहा अंश, करंगळी एक अंश आणि पौर्णिमेचा चंद्र अर्धा अंश. चंद्र करंगळीच्या निम्माच भरतो हे बहुतेकांना खरे वाटत नाही, म्हणून “ताटाएवढं होतं” या वाक्यावरून अंतर किंवा आकार काढता येत नाही. “डोंगराच्या वर दोन मुठी” हे मात्र कामाचे. “तबकडी होती का?” असे कधीच विचारू नये, उत्तर आपणच तोंडात घालतो. घरातल्या दोघांनी पाहिले असेल, तर दोघांना वेगवेगळे बसवून चित्र काढायला सांगावे.

या भागाला ही रीत नवी नाही. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. भानामतीच्या तक्रारीत समितीचे कार्यकर्ते घरी जातात, घरच्यांशी एकेकट्याने बोलतात. माणसाला खोटे न पाडता त्याच्या भीतीचे कारण शोधायचे असते. प्रकाश पाहून घाबरलेल्या मावशींनाही तेवढाच मान द्यावा लागतो. त्यांनी काहीतरी पाहिलेले असतेच.

२ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्राच्या आकाशात जळते पट्टे सरकताना दिसले. लोकांनी मोबाइलवर चित्रण केले आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरी गावात धातूचे भलेमोठे कडे पडलेले सापडले. चित्रणांतली वेळ व दिशा उपग्रहांच्या कक्षांशी जुळवून अभ्यासकांनी ते चिनी रॉकेटच्या टप्प्याचे अवशेष असावेत, असे सांगितले. कडे सापडले नसते तरी वेळ आणि दिशा उरलीच असती. जे जुळत नाही, त्याच्या रकान्यात ‘ओळख पटली नाही’ एवढेच लिहितात.