टेलिकॉम हब आणि सर्व्हर रूम: लिलावाचं आवार वेगळं, कांदाचाळ वेगळी

विमानतळावर टेलिकॉम हब बांधायचा म्हटलं की समोरचा हटकून विचारतो, "म्हणजे सर्व्हर रूमच ना?" केबलिंगच्या धंद्यात असल्याने हा प्रश्न मला अंबडच्या कारखान्यांतही ऐकावा लागतो. नाशिककराला समजवणं सोपं आहे. लासलगावला लिलावाच्या आवारात कांदा एका गाडीतून उतरतो आणि दुसरीत चढतो. चाळीत तो मुक्कामाला असतो, आणि हवा खेळली नाही तर सडतो.

हब म्हणजे ते आवार. ओझरसारखा विमानतळ डोळ्यासमोर आणा. विमान कंपन्यांचे काउंटर, सुरक्षा विभाग, एटीएम, चहाचा स्टॉल, सगळ्यांना लाइन हवी. प्रत्येकाने आपापली केबल ओढायची ठरवली तर दर चार महिन्यांनी कुदळ पडणार, आणि एकाची कुदळ दुसऱ्याच्या केबलवर. त्यात ओझरची धावपट्टी एचएएलची, म्हणजे सरकारी विमान कारखान्याची. त्याला लागून मनात आलं म्हणून खड्डा खणता येत नाही. म्हणून सगळ्या टेलिकॉम कंपन्यांची फायबर, म्हणजे काचेच्या तंतूची केबल, एकाच खोलीत उतरवायची आणि तिथून पुढची वायरिंग विमानतळाने स्वतःच्या मालकीची ठेवायची. उद्या एखाद्या विमान कंपनीने टेलिकॉम कंपनी बदलली तरी खोदाई नाही. एक पिवळी पॅचकॉर्ड, म्हणजे जोडणीची छोटी केबल, या पोर्टातून काढून त्या पोर्टात लावली, झालं.

त्या पिवळ्या आवरणातला काचेचा गाभा जेमतेम 9 मायक्रॉनचा, केसापेक्षा कितीतरी बारीक. फायबर जोडायच्या स्प्लायसिंग मशीनमध्ये दोन टोकं समोरासमोर येतात, ठिणगी पडून ती जुळतात, पडद्यावर 0.02 डीबी लॉस दिसला, म्हणजे जोडात प्रकाश जवळजवळ वाया गेला नाही, की जीव भांड्यात पडतो. तांब्याच्या लॅन केबलला 100 मीटरची मर्यादा, म्हणून टर्मिनलमध्ये जागोजागी छोट्या खोल्या करून हबपासून तिथवर ही फायबर न्यावी लागते.

सर्व्हर रूम ही चाळ. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग, विमानांच्या वेळांच्या फलकामागची माहिती तिथे राहते. एकेक सर्व्हर काहीशे वॉट ओढतो आणि तेवढीच उष्णता ओकतो, म्हणून एसी रात्रंदिवस चालू. हबमधल्या पॅच पॅनलला, म्हणजे केबलची टोकं जिथे येतात त्या पोर्टांच्या पट्टीला, वीज लागतच नाही. टेलिकॉम कंपन्यांची जी थोडी यंत्रं तिथे असतात ती बहुधा उणे 48 व्होल्ट डीसीवर, बॅटरीच्या जोरावर चालतात. सर्व्हरला 230 व्होल्ट आणि यूपीएस.

पण खरा फरक दाराचा. हबमध्ये पाच कंपन्यांची माणसं रात्री-अपरात्री येणार, ते त्यांचं कामच आहे. सर्व्हर रूममध्ये बाहेरच्याचं पाऊल पडता कामा नये. सातपूरच्या एका कारखान्यात मालकांनी "एकच खोली पुरे" म्हणून दोन्ही एकत्र केलं. फायबर जोडायला आलेल्या पोराने मशीन लावायला एक पिन उपटली, ती नेमकी सर्व्हरची. सकाळी गेटपास निघेनात, ट्रकांची रांग रस्त्यावर.

आता सगळं एका खोलीत आणलं की ती खोली गेली तर सगळं गेलं, हे उघड आहे. म्हणून हबला दोन वेगळ्या दिशांनी दोन वाटा ठेवतात. इथेच फसगत होते. दोन कंपन्यांच्या लाइन घेतल्या म्हणजे दोन वाटा झाल्या, असं लोक धरून चालतात. रस्त्याकडेच्या चेंबरचं झाकण एकदा उचलून बघा. कित्येकदा दोघींच्या केबल एकाच पाइपातून आलेल्या असतात.