रिकर्व्ह आणि कंपाउंड: त्याच हातातून एका धनुष्याचा बाण नेमका का लागतो?

2023 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम लढत 150-149 अशी जिंकली. पंधरा बाण, पंधराही दहात. त्याच दिवशी साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी 149-147 ने जगज्जेती झाली. आता याच सातारा जिल्ह्यातल्या प्रवीण जाधवचा टोकियो ऑलिंपिकमधला क्रमवारी फेरीचा आकडा पाहा: 720 पैकी 656. हे दोन आकडे शेजारी ठेवून प्रवीणला कमी लेखणं चूक आहे. ओजस आणि अदिती कंपाउंड (टोकांना चाकं आणि केबल असलेलं धनुष्य) मारतात, प्रवीण रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं, बिनचाकांचं धनुष्य). टीव्हीवर दोन्हींना ‘तिरंदाजी’च म्हणतात, म्हणून घोटाळा होतो.

अंतर वेगळं म्हणून कंपाउंडला गुण जास्त पडतात, असा एक समज आहे. रिकर्व्हचं अंतर 70 मीटर आणि टार्गेट 122 सेंटिमीटरचं, त्यात दहाचं वर्तुळ 12.2 सेंटिमीटर. कंपाउंडचं अंतर 50 मीटर, टार्गेट 80 सेंटिमीटरचं, दहाचं वर्तुळ 8 सेंटिमीटर. हे 8 सेंटिमीटर त्याच प्रमाणात 70 मीटरवर नेले तर 11.2 होतात. म्हणजे नेमबाजाच्या डोळ्याला कंपाउंडचा दहा उलट किंचित लहानच दिसतो. तरीही ब्रेडी एलिसनने 2019 मध्ये रिकर्व्हवर 720 पैकी 702 चा विश्वविक्रम केला, तर ब्रेडन गेलेन्थिनने 2016 मध्येच कंपाउंडवर 718 मारले होते. कारण अंतरात नाही, धनुष्यात आहे.

दोन्ही धनुष्यं यंत्रात घट्ट आवळून मारली तर दोन्हींचे बाण जवळजवळ एकाच भोकात जातील. फरक पडतो तो माणसाने धरल्यावर. माणूस चुकतोच, त्याची चूक बाणापर्यंत किती पोचू द्यायची, हे धनुष्य ठरवतं. कंपाउंड ती बरीचशी वाटेतच अडवतं, रिकर्व्ह जवळपास सगळी पुढे पाठवतं.

सगळ्यात मोठा वाटा ओढीचा आहे. रिकर्व्हची दोरी जसजशी मागे येते तसतसं वजन वाढत जातं, शेवटच्या भागात इंचाला साधारण दोन पाउंड. हनुवटीखाली अँकर होतो (ओढणारा हात ठरलेल्या जागी टेकतो) तेव्हा 44 पाउंड, म्हणजे जवळजवळ 20 किलो, तीन बोटांवर आणि पाठीवर असतात, आणि तशाच स्थितीत नेम धरायचा असतो. कंपाउंडचं वजन मध्येच सर्वांत जास्त होतं (स्पर्धेत 60 पाउंडांची मर्यादा आहे), मग कॅम (टोकांची चाकं) फिरतात आणि ते एकदम उतरतं. हा लेट-ऑफ. 75 टक्के लेट-ऑफ असेल तर 60 पाउंडांच्या धनुष्यावर हातात उरतात फक्त 15 पाउंड, आणि मागे ‘वॉल’ लागते, त्यापुढे दोरी जात नाही.

याचा बाणावर काय परिणाम होतो, ते साध्या गणिताने कळतं. रिकर्व्हचा बाण सेकंदाला साधारण 60 मीटर जातो असं धरा. 70 मीटरला त्याला जवळपास 1.2 सेकंद लागतात, आणि तेवढ्यात तो सुटला त्या सरळ रेषेच्या सुमारे पावणेसात मीटर खाली येतो. ओढ फक्त 5 मिलिमीटर जास्त झाली की साठवलेली ऊर्जा दोनेक टक्के वाढते, वेग एक टक्का वाढतो आणि बाण साधारण 13 सेंटिमीटर वर लागतो. म्हणजे मधोमध जाणारा बाण आठात. कंपाउंडचा बाण सेकंदाला 85 मीटरच्या आसपास जातो. 50 मीटरला 0.6 सेकंद, पडतो पावणेदोन मीटर. तिथे त्याच 5 मिलिमीटरचा फरक एक सेंटिमीटरही होत नाही, कारण शेवटच्या टप्प्यावर दोरीत जोरच कमी असतो. दहाचा बाण दहातच राहतो.

रिकर्व्हवर क्लिकर लावतात तो याचसाठी. बाणावर दाबून बसलेली पातळ धातूची पट्टी. टोक तिच्या खालून निसटलं की ‘टक्’ आवाज येतो, आणि तोच सोडण्याचा इशारा. क्लिकर ओढीची लांबी नक्की करतो, पण 20 किलो धरून शेवटचे दोन-तीन मिलिमीटर ओढताना पाठ ढिली पडली तर तो वाजतच नाही. मग नवशिके मनगटाने ओढून वाजवतात, आणि बाण डावीकडे-उजवीकडे विखुरतात.

दुसरा वाटा डोळ्याचा. कंपाउंडच्या दोरीत पीप (डोळ्यासमोर येणारी बारीक भोकाची कडी) असतो, पुढच्या स्कोपमध्ये भिंग आणि पाण्याचा बुडबुडा. रिकर्व्हमध्ये नियमानुसार पीप नाही, भिंग नाही, बुडबुडा नाही; पुढे फक्त साइटचं (नेम धरण्याचं) कडं. मागची खूण म्हणजे हनुवटी, नाक आणि डोळ्यासमोरची दोरीची पुसट रेघ. डोळा ते साइट अंतर 88 सेंटिमीटर धरलं, तर अँकर 1 मिलिमीटर सरकला की 70 मीटरवर 8 सेंटिमीटर गेले. कंपाउंडवालाही अँकर चुकवतो, पण पीप आणि स्कोपची वर्तुळं एकमेकांत बसत नाहीत, आणि त्याला सोडण्याआधीच ते दिसतं. धनुष्य तिरकं होण्याचंही तसंच. एक अंश कललं तर रिकर्व्हवर बाजूला सुमारे 12 सेंटिमीटर, कंपाउंडवर 3. आणि कंपाउंडवाल्याला बुडबुडा सांगतो, रिकर्व्हवाल्याला कुणी सांगत नाही.

तिसरं म्हणजे सोडणं. टॅबवरून (बोटांवरच्या संरक्षक पट्टीवरून) बोटं सोडताना दोरी बोटांना वळसा घालून बाजूला सरकते आणि बाण आडवा वाकत, लहरत निघतो. म्हणून रिकर्व्हमध्ये बाणाचा ताठरपणा (स्पाइन) आणि रायझरमधलं (धनुष्याच्या मधल्या दांड्यातलं) प्लंजर बटन, म्हणजे बाणाला बाजूने टेकणारं स्प्रिंगचं बटन, फार नाजूकपणे जुळवावं लागतं. पडताळायला 18 ते 30 मीटरवरून पिसांच्या बाणांसोबत बिनपिसांचे दोन बाण मारा. उजव्या हाताच्या तिरंदाजाचा बिनपिसांचा बाण डावीकडे लागला तर बाण जास्त ताठ: प्लंजरची स्प्रिंग सैल करा, पाउंड थोडे वाढवा किंवा जड टोक घ्या. उजवीकडे लागला तर उलट. कंपाउंडमध्ये दोरी डी-लूपमध्ये (दोरीवरच्या छोट्या फासात) अडकवलेल्या रिलीजने, म्हणजे हातातल्या ट्रिगरच्या उपकरणाने, सुटते, बाजूचा झटका फारच कमी असतो.

याचा अर्थ कंपाउंड सोपं, असा नाही. त्याच्या चुका वेगळ्या आहेत. ग्रिपवर तळहात पिळला गेला तर हे आखूड धनुष्य ते पटकन बाणावर उतरवतं. ग्रिप अंगठ्याच्या गादीवर टेकवा, बोटं सैल ठेवा. केबल ताणली की दोन्ही कॅम एका वेळी वॉलला लागत नाहीत आणि बाण वर-खाली जाऊ लागतात, म्हणून कॅमवरच्या खुणा वरचेवर तपासायच्या. ओढीची लांबी इथे मॉड्यूलने (कॅमवरच्या बदलता येणाऱ्या तुकड्याने) पक्की केलेली असते. ती अर्धा इंच जास्त असली की डोकं मागे झुकतं, पुढचा खांदा वर येतो, आणि तिरंदाज स्वतःलाच दोष देत बसतो. सगळ्यात वाईट म्हणजे ट्रिगर झोडणं: भिंगातून ठिपका दहावर आला की अंगठा घाईने दाबला जातो. रिकर्व्हवर क्लिकर ही घाई थोडी रोखतो, कंपाउंडवर पाठीने हळूहळू ओढ वाढवत सोडणं शिकावंच लागतं. आणि सामन्यात एकेका बाणाचा गुण धरला जातो, रिकर्व्हसारखे सेट (वेगवेगळे मोजले जाणारे छोटे डाव) नसतात. एक नऊ गेला तर तो शेवटपर्यंत भरून निघेलच असं नाही.

एकाच प्रकारच्या दोन धनुष्यांतही असाच फरक जाणवतो, आणि तिथे बहुतेक वेळा कारण ब्रँड नसतो, वजन असतं. 44 पाउंडांवर थरथरणारा मुलगा 30 पाउंडांवर सुंदर ग्रुप करतो, म्हणजे त्याचे बाण जवळजवळ लागतात. प्रौढ नवशिक्याने 26 ते 30 पाउंडांपासून सुरुवात करावी, फुल ड्रॉवर (दोरी पूर्ण ओढून) दहा सेकंद न थरथरता थांबता आलं तरच पुढचे दोन पाउंड वाढवावेत. मग ब्रेस हाइट (न ओढलेली दोरी आणि ग्रिप यांतलं अंतर) पाहा: 68 इंची रिकर्व्हला साधारण साडेआठ ते नऊ इंच, दोरीला पीळ दिला की ती वाढते. कमी असेल तर बाण दोरीवर जास्त वेळ राहतो आणि बोटांची चूक त्यात जास्त उतरते.

दोन धनुष्यांची तुलना करायची असेल तर गुण मोजू नका, ग्रुप मोजा. साइट बसवलेली नसेल तर चांगल्या धनुष्याचे बाणही पाचात जातात. एकाच दिवशी, एकाच अंतरावरून, सहा-सहा बाणांच्या आलटून पालटून सहा फेऱ्या मारा, आणि प्रत्येक फेरीत सगळ्यात दूरच्या दोन बाणांमधलं अंतर टेपने मोजून लिहा. सहापैकी पाच फेऱ्यांत एकाच धनुष्याचा ग्रुप लहान आला तरच ते तुमच्यासाठी जास्त नेमकं आहे असं धरा. कंपाउंड उसनं घेऊन पाहणार असाल तर एक सांभाळा: बाण न लावता ते कधीही ओढून सोडू नका. केबल उडते, कॅम वाकतो, लिंब (धनुष्याची वाकणारी पाती) फुटून डोळ्याला इजा होऊ शकते.