ईश्वरसाक्ष की गांभीर्यपूर्वक?

मंत्र्यांचा शपथविधी सुरू असला की माझे कान पहिल्या वाक्यावर असतात. बहुतेक जण ‘ईश्वरसाक्ष’ म्हणतात, एखादाच ‘गांभीर्यपूर्वक’. संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत हे दोन्ही पर्याय एकाखाली एक छापलेले आहेत.

त्यामागची भांडणं जुनी आहेत. कंपनी सरकारच्या कोर्टात साक्षीदाराच्या हाती गंगाजल किंवा कुराण दिलं जाई. 1840च्या कायद्याने ते थांबवलं. (गीतेवर हात ठेवणारा साक्षीदार सिनेमावाल्यांना अजून सोडवत नाही. आजच्या, म्हणजे 1969च्या शपथ कायद्यात ग्रंथाचं नावही नाही.)

खुद्द इंग्लंडात मात्र 1880 साली चार्ल्स ब्रॅडलॉ हा उघड नास्तिक नॉर्थॅम्प्टनमधून संसदेवर निवडून आला आणि देवाची शपथ न घेता नुसती प्रतिज्ञा करू द्या, म्हणाला. सभागृहाने नकार दिला. बरं, शपथ घेतो म्हणाला, तर तीही घेऊ देईनात, कारण नास्तिकाच्या शपथेला अर्थ काय! एक रात्र त्याने संसदेच्या घड्याळाच्या मनोऱ्यातल्या कोठडीत काढली. मतदार त्याला पुन्हा पुन्हा निवडून देत राहिले. 1886 साली तो एकदाचा आसनावर बसला आणि 1888 साली प्रतिज्ञेची मुभा देणारा कायदा त्यानेच करून घेतला. पुढच्याच वर्षी तो काँग्रेसच्या अधिवेशनाला मुंबईत आला. साल 1889 आणि प्रतिनिधीही 1889, हा योगायोग तेव्हापासून सांगितला जातो.

आपल्या संविधानाच्या मसुद्यात राष्ट्रपतींच्या शपथेत ईश्वर नव्हता. डिसेंबर 1948मध्ये संविधान सभेत महावीर त्यागींच्या दुरुस्तीने तो आला, पण ऐच्छिक म्हणून. डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली.

उद्देशिकेच्या वेळी मात्र गाडी अडली. 17 ऑक्टोबर 1949 रोजी ह. वि. कामतांनी सुचवलं की सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ व्हावी. देवावर मतदान करायची आफत आमच्यावर आणू नका, असं पूर्णिमा बॅनर्जींनी विनवलं. आक्षेप घेणाऱ्यांत आस्तिकही होते: ए. थानू पिल्लैंचं म्हणणं, ही श्रद्धेच्या बाबतीत सक्तीच होईल. रोहिणीकुमार चौधरींना तर देवाऐवजी देवी हवी होती. कामत हटले नाहीत. बाजूने 41, विरोधात 68.

शपथेत प्रत्येक जण स्वतःपुरता बोलतो, उद्देशिका ‘आम्ही’पासून सुरू होते. माझ्या मते सगळा फरक त्या सर्वनामात आहे.